ड्रेसरचा कान

"गप. आत काय म्हणतंय ते ऐकू द्या."

एवढं म्हणून ते म्हशीच्या बरगडीवर आपला धुतलेला पंचा पसरायचे, त्यावर उजवा कान टेकवायचे आणि डावा हात वर करून तसाच धरायचे. तो हात खाली येईपर्यंत गोठ्यात कुणी बोलायचं नाही. मालक असो, शेजारी असो, सरपंच असो. एकदा सरपंच माझ्याशी रस्त्याच्या कामाबद्दल बोलत उभे होते. ह्यांनी कान न हलवता म्हटलं, "सरपंच, रस्ता कुठं पळून जात न्हाय." सरपंच गप्प झाले. मी मात्र आतून चिडलो. चतुर्थ श्रेणीचा माणूस सरपंचांना गप्प बसवतो म्हणजे काय, असं मला वाटलं. तेव्हा मी तसला होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुमचा माझ्याबद्दल चांगला समज व्हायला नको.

मी जनावरांचा डॉक्टर. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर पन्हाळा तालुक्यातल्या एका गावात माझी पहिली नेमणूक झाली. गावाचं नाव सांगत नाही. दवाखान्यात तीन माणसं: मी, एक शिपाई आणि हे. सरकारी कागदात त्यांच्या पदाचं नाव व्रणोपचारक. जखमा धुवायच्या, मलमपट्टी करायची, सुया उकळायच्या, बुजरं जनावर धरायचं. गाव त्यांना ड्रेसर म्हणायचं. शिपायाला सगळे मामा म्हणत, एसटीच्या कंडक्टरला मामा म्हणत, टपाल आणणाऱ्यालाही मामा म्हणत. ह्यांना इथल्या चौदा वर्षांच्या नोकरीत कुणी मामा म्हटलं नाही. ते बौद्ध होते आणि गाव ही गोष्ट एक दिवसही विसरलं नव्हतं. मी सव्वीस वर्षांचा, ते पन्नाशी गाठलेले. ते मला साहेब म्हणायचे आणि मी त्यांना अरे-तुरे करायचो. आज लिहिताना 'ते' लिहितो आहे. तेव्हा तोंडातून निघत नव्हतं.

तुम्हीही असली माणसं पाहिली असतील. कचेरीत सगळ्यात जास्त त्यालाच कळतं आणि सगळ्यात खालची खुर्चीही त्याचीच. आमच्या दवाखान्यात तर ती खुर्चीही नव्हती, स्टूल होतं.

माझ्या गळ्यात नवा कोरा स्टेथोस्कोप होता. पहिल्याच आठवड्यात एक बैल आला. दोन दिवस वैरण सोडलेली, अंगात ताप, मान पुढं ताणून उभा. मी दोन्ही बाजूंनी नळी लावून ऐकलं आणि छाती साफ आहे असं जाहीर केलं. ड्रेसरनी पंचा पसरला, कान लावला, हात वर केला. बराच वेळ तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "साहेब, डाव्या अंगाला, पार खाली, कोपराच्या मागं लावा की जरा. नव्या पायताणागत वाजतंय."

मी नळी तिथं लावली. बैलानं श्वास घेतला की नवी कोल्हापुरी चप्पल करकरावी तसा बारीक आवाज येत होता. फुप्फुसाच्या आवरणाला सूज आली की दोन पापुद्रे एकमेकांवर घासतात, त्याचा तो आवाज. पुस्तकात मी त्यावर अर्धं पान पाठ केलं होतं, पण ऐकला तो त्या दिवशी पहिल्यांदा. मी मालकाला म्हटलं, "छातीत जंतू गेलेत, मी ओळखलंय." 'मी' म्हटलं. ड्रेसर सुई उकळायला गेले होते.

जनावराला औषध पाजायच्या पद्धतीवर त्यांचा फार राग. आमच्याकडं म्हैस जरा मरगळली की तेल, हळद, गूळ असं काहीतरी कालवायचं, तिचं तोंड आभाळाकडं करायचं, जीभ ओढून धरायची आणि बांबूच्या नळीनं सगळं आत ओतायचं. जीभ धरलेली, त्यामुळं तिला गिळता येत नाही. तेल श्वासनळीत उतरतं, त्याच्यामागून जंतू उतरतात आणि साध्या अपचनाची म्हैस चार दिवसांत फुप्फुस सडून मरते. असाच एक मालक म्हैस घेऊन आला. तिच्या नाकातून घाण वास येत होता. ड्रेसरनी त्याला विचारलं, "नळीनं तेल वतलंसा न्हवं?"

"व्हय. पर आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या पाजत्यात."

"बसा हितं." ड्रेसरनी त्याला स्टुलावर बसवलं, हातात पाण्याचा तांब्या दिला. "आता मान वर करा. पार वर. जीभ भायेर काढा, सोताच्या हातानं धरा. आता प्या पाणी."

मालक हट्टाला पेटला आणि खरंच प्याला. जो ठसका लागला तो थांबेना. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. शिपाईमामा हसून हसून भिंतीला टेकले. ड्रेसर हसले नाहीत. ते म्हणाले, "तुमास्नी ठसका लागला, थांबलासा. तिला कोण थांबू देतंय?" मग त्या म्हशीच्या कपाळावर हात ठेवून उभे राहिले. ती वाचली नाही, पण त्या मालकाच्या घरात पुन्हा नळी दिसली नाही.

आता चहाचं सांगतो. मला हे सांगताना त्रास होतो, तरी सांगतो.

कुठल्याही गोठ्यातलं काम संपलं की घरातून चहा यायचा. मला कपबशीत. ड्रेसरना विचारलं की ते म्हणायचे, "मी च्या सोडलाय." दोन वर्षं मी हे ऐकलं आणि मला वाटत राहिलं, पित्ताचा त्रास असेल. त्यांच्या पिशवीत पाण्याची स्वतःची बाटली असायची, तेव्हाही मला वाटलं, माणूस टापटिपीचा आहे. मग एकदा काही कामानं त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या मुलीनं चहा आणला आणि माझ्यासमोर ह्यांनी लागोपाठ दोन कप फुर्र करून संपवले. मी म्हटलं, "अरे, तू चहा सोडलायस ना?" ते म्हणाले, "घरात न्हाय सोडला." मुलगी आत निघून गेली. तेव्हा मला आठवलं. कितीतरी गोठ्यांच्या कोनाड्यात एक वेगळा काचेचा ग्लास पालथा घातलेला मी पाहिला होता, आणि तो कुणाचा हे कधी विचारलं नव्हतं. त्या ग्लासातला चहा प्यायचा नव्हता म्हणून त्यांनी गावातला चहाच सोडला होता. दिवसभर लोकांच्या म्हशींना कान लावणारा माणूस.

मला राग आला, पण त्याचं मी काही केलं नाही. दुसऱ्या दिवशी माझी कपबशी आली आणि मी प्यालो.

आता त्या लशीकडं येतो.

घटसर्प हा रोग म्हशीवाल्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. त्याचा जंतू धडधाकट जनावराच्याही घशात मुक्काम करून असतो. काही करत नाही, मुकाट बसतो. पावसात जनावर भिजलं, चिखलात उभं राहिलं, दमलं, वैरण कमी पडली की तो उसळतो. भरमसाट ताप येतो, गळा सुजतो, फुप्फुसं भरतात, श्वासाला घोरल्यासारखा आवाज येतो आणि सकाळी दूध दिलेली म्हैस दुसऱ्या सकाळपर्यंत राहत नाही. सुरुवातीलाच औषध शिरेत गेलं तर वाचते, नाहीतर नाही. म्हणून पावसाळ्याच्या आधी लस टोचायची. ही लस म्हणजे मारलेले जंतू तुरटीच्या जातीच्या क्षारावर बसवलेले असतात. ती गार ठेवायची, पण गोठू द्यायची नाही. गोठली की जंतू आणि क्षार यांचा सांधा सुटतो आणि बाटलीत नुसतं पाणी आणि चोथा उरतो.

हे सगळं मला पाठ होतं. परीक्षेत त्यावर मला चांगले गुण मिळाले होते.

त्या वर्षी मे महिन्यात तालुक्याहून लशीच्या बाटल्या आल्या आणि त्याच दिवशी आमचा फ्रीज बंद पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध संस्थेच्या आवारात लसीकरण ठेवलेलं. गावात दवंडी फिरलेली. मी कोडोलीहून बर्फाची लादी आणवली. ड्रेसरनी एक जुना लाकडी खोका काढला, तळाशी बर्फ घातला, त्यावर भाताचं तूस पसरलं आणि बाटल्या एकेक करून वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतल्या. म्हणाले, "हात लावला की गार लागाय पायजे, पर बोट आखडाय न्हाय पायजे. एवढं ऱ्हायलं म्हंजी झालं."

मला ते गावठी वाटलं. तूस काय, वर्तमानपत्र काय. तेवढ्यात दूध संस्थेचे चेअरमन आले. त्यांच्या घरी उन्हाळ्यात आईस्क्रीम करायचा लाकडी पॉट होता, मधे पत्र्याचा डबा, भोवती बर्फ घालायला जागा. ते म्हणाले, "सायेब, आमचा पॉट घ्या की. मीठ घातलं की बर्फ सकाळपातूर हालत न्हाय." मला ती कल्पना एकदम पटली. डोळ्यासमोर दुसऱ्या दिवशीचा कौतुकाचा कार्यक्रमही आला. बाटल्या पत्र्याच्या डब्यात, भोवती फोडलेला बर्फ आणि त्यावर जाडं मीठ. मीठ मी माझ्या हातानं घातलं. चार-सहा माणसं बघत होती.

ड्रेसर पुढं आले. "साहेब, मीठ नको."

"का?"

"मिठानं बर्फ लई कडक हुतोय. दूध गोठतंय त्यात, मग लस न्हाय व्हय गोठायची? गार आन गोठलेलं येगळं."

आईस्क्रीम कशानं गोठतं हे पाचवीतल्या पोराला कळतं. मलाही त्या क्षणी कळलं. शप्पथ सांगतो, कळलं. पण चेअरमन बघत होते, सगळे बघत होते, आणि व्रणोपचारक मला शिकवत होता. मी म्हटलं, "कोल्ड चेन म्हणजे काय, माहीत आहे का तुला? तुझं काम सुया उकळायचं. तेवढं कर."

ते मागं सरले. अर्धवट गुंडाळलेली एक बाटली हातात होती, तीही त्यांनी माझ्यासमोर ठेवली.

सकाळी डबा उघडला तर बाटल्या दगड झालेल्या. मी त्या उन्हात मांडून वितळवल्या, आवारात माणसं जमायच्या आत. ड्रेसरनी एक बाटली घेतली, मला दवाखान्याच्या मागच्या खोलीत बोलावलं. बंद पडलेल्या फ्रीजमध्ये गेल्या वेळची एक न गोठलेली शिल्लक बाटली होती, तीही काढली. दोन्ही एकदम हलवल्या आणि खिडकीत शेजारी शेजारी ठेवल्या. जुनी पातळ ताकासारखी एकजीव राहिली. आमची बघता बघता फाटली. खाली पांढरा चोथा, वर पाणी.

"पाणी टोचून काय उपेग? तारीख पुढं ढकला, साहेब. लस पुन्यांदा मागवू. मी सांगतो गावाला, माझ्या हातनं बिघडली म्हणून."

हे वाक्य नीट वाचा. त्यांनी दोष स्वतःवर घ्यायची तयारी दाखवली होती, फक्त म्हशींना पाणी टोचायला नको म्हणून.

बाहेर म्हशी उभ्या होत्या, सरपंच आले होते, वरच्या कचेरीनं संध्याकाळपर्यंत टोचलेल्या जनावरांचा आकडा मागितला होता. मी म्हटलं, "हलव आणि टोच."

त्यांनी टोचली. दिवसभर प्रत्येक म्हशीला मात्रा मोजून, सुई बदलून, जागा पुसून, जशी टोचायची तशी. त्या दिवशी त्यांनी कुणालाही गप म्हटलं नाही.

जुलैमध्ये घटसर्प आला. कान लावायची गरज उरली नव्हती, रस्त्यावरून श्वास ऐकू येत होते. आम्ही दोघं गोठ्यांमागून गोठे फिरलो. मी नुसता घाबरलेला. ते मात्र अंधारलेल्या, चिखलानं भरलेल्या गोठ्यात म्हशीच्या सुजलेल्या मानेवर शीर शोधायचे, बोटानं दाबायचे आणि सुई पहिल्या फटक्यात बसवायचे. ज्या वाचल्या त्या त्यांच्या हातानं वाचल्या. ज्या मेल्या त्या माझ्या मिठानं मेल्या. दावणीला नुसते खुंटे दिसायला लागले. एका घरातल्या बाईनं तर रिकाम्या खुंट्यापुढं सवयीनं वैरण टाकली आणि मग तिथंच बसून राहिली.

दूध संस्थेच्या खोलीत बैठक बसली. मी खुर्चीवर, ड्रेसर दारापाशी उभे. चेअरमन बोलायला उठले. "लस चांगली हुती. सायबांनी सोता बर्फात घालून ठेवलेली आमी डोळ्यांनी बगितलीया. आमचाच पॉट हुता. मग म्हशी मेल्या कशानं? हात कुणाचा लागला, ते बगा की."

कुणीतरी मागून म्हणालं, "तेच म्हणतोय आमी. असला हात गोठ्यात घेऊच नव्हता."

म्हशीच्या घशात जसा तो जंतू मुकाट बसलेला असतो, तसं गावाच्या घशात काहीतरी बसलेलं होतं. म्हशी मेल्या आणि ते वर आलं. चौदा वर्षं हाच हात त्यांच्या अडलेल्या गाईंच्या पोटात कोपरापर्यंत गेला होता. तेव्हा कुणाला तो असला वाटला नव्हता. मला आज त्या खोलीतल्या प्रत्येकाची गचांडी धरावीशी वाटते, आणि पहिली माझी.

ड्रेसर दारातून म्हणाले, "साहेबांस्नी इचारा. साहेब सांगतील."

सगळी खोली माझ्याकडं वळली. मी उभा राहिलो. मी त्यांना जंतूबद्दल सांगितलं, हवामानाबद्दल सांगितलं, प्रतिकारशक्तीबद्दल सांगितलं. पाव तास बोललो. मीठ हा शब्द माझ्या तोंडातून निघाला नाही. मी खाली बसलो तेव्हा दारात ड्रेसर नव्हते.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलापुढं आले. बैठकीनंतर त्यांना लोकांनी गोठ्यात पाय टाकू दिला नव्हता, एका आजारी म्हशीपासून उठवून लावलं होतं. ती म्हैस दुपारी मेली. ते म्हणाले, "साहेब, वर अहवाल जाणार. त्यात एकच वाक्य लिवा. लस गोठलेली हुती. कुणी गोठवली ते लिवू नका. माझ्या हातानं जनावर मेलं, असं माझ्या पोरीला कुणी म्हणू ने, एवढंच."

मी म्हटलं, "बघतो."

आणि मी लिहिलं. सरकारी मराठीत एक वाक्य असतं, ज्यात कुणी खोटं बोलत नाही आणि माणूस मात्र मरतो. मी लिहिलं, "लस टोचताना संबंधित कर्मचाऱ्याकडून मात्रा व तंत्र यांत हयगय झाल्याची शक्यता नाकारता येत नाही." खाली सही केली. सही छान आली होती.

त्यांची बदली नेसरीच्या पुढं, चंदगडाकडच्या एका डोंगरी गावात झाली. निरोप समारंभ वगैरे काही नाही. त्यांनी कपाटाच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या, सुया किती आहेत ते सांगितलं, पंचा पिशवीत घातला. शिपाईमामा रडले. मी फाईल चाळत होतो.

मग मी वर चढत गेलो. असली माणसं चढतातच. सात-आठ वर्षांनी तपासणीसाठी त्या डोंगरी गावात जायची पाळी आली. दवाखान्यात ते नव्हते, एका गोठ्यात गेल्याचं कळलं. मी तिथं गेलो. गाईच्या बरगडीवर पंचा, पंच्यावर कान, डावा हात वर. केस पार पांढरे झालेले. मी दारातच थांबलो आणि हात खाली येईपर्यंत बोललो नाही. घरातली बाई कानडी वळणाचं मराठी बोलत होती. तिनं दोन कप आणले, दोन्ही सारखे. एक मला दिला आणि दुसरा पुढं करून म्हणाली, "घ्या की अण्णा." त्यांनी घेतला आणि प्याले.

परत दवाखान्यात आल्यावर त्यांनी कपाट उघडलं आणि मागच्या बाजूनं एक बाटली काढली. न उघडलेली. तिच्यावर चिकटपट्टी, तिच्यावर त्यांच्या अक्षरात माझ्या पहिल्या गावाचं नाव आणि खाली एकच शब्द, मीठ. "त्या दिवसाची हाय. एक ठेवलीती मी. म्हणलं, कवातरी चौकशीला कुणी येईल, इचारंल. कुणी इचारलं न्हाय. आता मी रिटायर हुतोय. तुमची हाय, तुमी न्या."

मी म्हटलं, "मी आता लिहितो वर. सगळं लिहितो. माझं चुकलं, मी तेव्हा..." 'ड्रेसर' म्हणवत नव्हतं आणि 'मामा' म्हणायची छाती नव्हती.

ते म्हणाले, "गप ऱ्हावा, साहेब. बोलायच्या येळेला गप हुता. आता कुणाला ऐकवताय?"

आवाज चढलेला नव्हता. त्यांनी मला माफ केलं नाही. मला त्याचं बरंच वाटतं. माफ केलं असतं तर मी तेही साहेबासारखं खिशात घातलं असतं. मी बाटली घेतली आणि घरी येऊन कपाटात ठेवली. वर काही लिहिलं नाही. त्यांनीच नको म्हटलं, असं स्वतःला सांगत राहिलो.

ते गेल्याचं मला शिपाईमामांकडून उशिरा कळलं. घरी गेलो. त्यांची मुलगी आता कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात नोकरीला होती, नुकतीच कामावरून आलेली. मी नाव सांगितलं. ती म्हणाली, "तुमीच व्हय ते मिठाचं साहेब?"

त्या घरात मला हे नाव होतं.

तिनं बसा म्हटलं नाही. "मला त्या गावात अजून म्हणत्यात, तुझ्या बाच्या हातानं म्हशी मेल्या. माझ्या मावशीचं घर हाय तिथं, जावं लागतंय. हितं येऊन मला काय सांगताय? तिथं जाऊन सांगा की."

मी अहवालाची फाईल काढायला गेलो तर मुदत संपल्यामुळं ती नष्ट केली होती. माझं ते सुंदर सहीचं वाक्य कागदावरून गेलं होतं. माणसांच्या तोंडात मात्र शाबूत होतं. मग बाटली पिशवीत घालून मी त्या गावी गेलो. दूध संस्थेची सभा होती. चेअरमन तेच, म्हातारे झालेले. मला बघून उठले, "या, या, पावणं, लई दिसांनी," म्हणत शेजारची खुर्ची दिली. मी उभाच राहिलो. म्हटलं, "घटसर्पाच्या वर्षाबद्दल बोलायचंय."

"आवो, जुनं झालं ते. तो ड्रेसरबी न्हाय ऱ्हायला आता. कशाला उकरताय?"

मागून कुणीतरी म्हणालं, "तसा त्येचा हातच..."

मी डावा हात वर केला. "गप," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा मी तो शब्द त्यांच्यासारखा वापरला. खोली गप्प झाली. मी बाटली जोरात हलवली आणि टेबलाच्या मधोमध ठेवली. हात खाली घेतला नाही. सगळे बाटलीकडं बघत होते. चोथा सावकाश खाली बसला, वर स्वच्छ पाणी उरलं.

"हे पाणी टोचलं होतं तुमच्या म्हशींना. लस गोठलेली होती. मीठ मी घातलं होतं, तुमच्यासमोर. मीठ नको, असं त्यांनी मला सांगितलं होतं, तेही तुमच्यासमोर. तुम्ही ऐकलं होतं."

चेअरमननी बाटलीवरची चिकटपट्टी वाचली आणि बाटली हळूच माझ्या बाजूला सरकवली. मग दाराकडं बघून म्हणाले, "अरे, सायबांस्नी च्या आणा."

कपबशी आली. माझ्यासमोर ठेवली गेली.

"नको," मी म्हटलं. "मी च्या सोडलाय."